हाकेचा चौकोन

मेघा म्हणते, काकू, तूच सांग. तिच्या त्या कॉम्प्युटरवाल्या लोकायले म्हणे माझ्या तोंडून ऐकायचं आहे. आता ते लोक कुठं कुठं बसले आहेत, कोणाले मालूम. कोणी पुण्यात, कोणी केरळात, एक बाई तं म्हणे बर्फाच्या देशातली आहे. त्यायले माझी बोली समजन का? मेघा म्हणते, मी समजावून सांगीन. मंग ठीक आहे. पण मधात टोकायचं नाई. मी सांगायले बसली का मले टोकलेलं चालत नाई, हे आमच्या गावात कोणालेही इचारा.

आमचं गाव मोहाडीच्या आतल्या बाजूले, तलावाखाली. घरामागच्या सांदवाडीत उभं राहिलं का वर तलावाची पाळ दिसते, अन् पाळीवर चढलं का पलीकडं पाणीच पाणी. हिवाळ्यात सकाळी धुकं असं पडते का पाणी कुठं सरलं अन् आभाळ कुठं सुरू झालं, काही कळत नाई. मी लग्न होऊन आली तेव्हापासून पाहून राहिली, अजून मन भरलं नाई. घाटावर भांडे घासायले गेली का हात राखेतच राहतात अन् मी पाहत बसते. सासू म्हणे, ही पोरगी जागेपणी झोपते. बराबर म्हणे.

आमचे हे त्या तलावाचं पाणी वाटत. आज कोणाच्या धानाच्या बांधीत सोडायचं, उद्या कोणाच्या, ते सारं यायच्या डोक्यात. धानाच्या दिवसात पाळीवर उभे राहून हाक देत, "तुलारामाऽऽ, तुझं पाणी सोडलं गाऽऽ!" अन् पार गावाबाहेरच्या टोलीवर राहणाऱ्या तुलारामले ती ऐकू जाये. असा आवाज. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली का रातच्या नाटकाची दवंडीही यायनंच द्यावी, असा गावाचा हट्ट.

मले मात्र हे कायनं हाक मारतील? बाकीच्या बायायले 'अमरची माय', 'राखीची माय' म्हणून हाक येये. आम्हाले लेकरू झालं नाई. मंग यायनं आपली एक हाक काढली. पाळीवरून आधी लांब, "ओऽऽऽ". मंग जरासं थांबून, हळूच, "ओ". लांबवाली साऱ्या गावाले ऐकू जाये. मागची लहान माझी. ती आली का समजायचं, काम आटपलं, भूक लागली, भात वाढ. मी सांदवाडीतूनच ओरडत होती, "आली वोऽऽ!" घाटावरच्या बाया हसत. म्हणत, जा वो बाई, तुझा ओ आला. मी वरवर चिडत होती, आतून लय बरं वाटत होतं. घरात तेही नाई. घरात आमचे भासरे, म्हणजे यायचे मोठे भाऊ, घरासमोरच्या छपरीत खाटेवर बसलेले. त्यायच्यासमोर हे नुसते खाकरत, अन् मी डोक्यावर पदर घेऊन समजून जात होती.

मागच्या पोळ्याच्या दिवसात यायले लकवा मारला. बांधीतच पडले. उजवा हात गेला, पाय थोडा वाचला, आवाज पुरा गेला. तोंड उघडत, ओठ हालत, अन् नुसती हवा बाहेर येये. टोलीपर्यंत आवाज जाणाऱ्या माणसाले खाटेवरून पाणी मागता येईना. मी दवाखान्यात रडली नाई. घरी येऊन चुलीसमोर रडली, धुराच्या नावावर.

अन् मले काय पाहिजे होतं ते आज सरळच सांगून टाकते. शेतीचं मले भेव नव्हतं. भासरे आहेत, मी आहे, माणसं लावता येतात. यायचं न्हाणं-धुणं, खाणं-पिणं, मी करीन. पण यायनं मले एक डाव हाक मारावी. ती दोन तुकड्यायची हाक. या जगात मले तशी हाक मारणारं दुसरं कोणीच नाई, अन् ती गेली तं मी कोणाची कोण, असं मले वाटून राहिलं होतं.

मेघा आमच्या भासऱ्याची पोरगी. नागपूरले कॉम्प्युटर शिकली, आता घरीच बसून कोण्या कंपनीचं काम करते, अन् त्यातून वेळ काढून तिचं ते फुकटचं काम. फुकटचं म्हटलं का चिडते. म्हणते, फुकटचं नाई, खुलं म्हण. तिनं मले समजावलं ते असं. कॉम्प्युटर म्हणजे नुसता डबा. त्याले चालवायले आत एक कारभारी लागते. तो कारभारी विकत भेटते, अन् त्याच्या मालकाले इचारल्याशिवाय त्याले बदलता येत नाई. पण काही लोकायनं मिळून असा एक कारभारी बनवला, का कोणीही घरी न्यावा, उघडून पाहावा, नाई पटला तं बदलावा. मेघा अन् तिचे लोक त्याले अजून सोपा करत होते, ज्यायनं जिंदगीत कॉम्प्युटरले हात लावला नाई त्यायच्यासाठी.

"मंग मालक कोण?" मी इचारलं.

"कोणीच नाई, काकू. अन् सारेच. आपल्या तलावासारखं."

"तलावाचं पाणी घेते त्याले उन्हाळ्यात गाळ काढायले यावं लागते."

"तेच तं. मी गाळ काढून राहिली, समज."

हे मले पटलं. गाळ काढणारं माणूस मले आवडते.

डबा आला जवाहरनगरहून. तिथं फॅक्टरीच्या क्वार्टरमधले कोणी साहेब रिटायर होऊन आपल्या गावाले चालले होते, त्यायचा जुना कॉम्प्युटर मेघानं उचलून आणला. तुलाराम म्हणे, "हे भंगार कायले आणलं वो पोरी?" मेघानं त्याच्यात आपला कारभारी टाकला अन् छपरीत यायच्या खाटेसमोर मांडला. बाजूले भासऱ्याची खाट, समोर रस्ता. येणारं-जाणारं सारं गाव तिथं डोकावे.

मेघा म्हणे, काकू, तूही बस, तूही नवशिकीच आहे. मी बसली. तो बाण! पडद्यावर एक बाण, अन् हातात साबणाच्या वडीएवढा माउस. मी हात इकडं नेला तं बाण भलतीकडंच. यायच्या डाव्या हातानं तं तो कोपऱ्यात जाऊन असा दडला का सापडेचना. अन् शब्द कसे? 'निर्गमन'. 'प्राधान्ये'. माझं डोकं सरकलं. म्हटलं, "हे कोणाच्या घरची बोली आहे वो? असं तं तहसीलीतला कागदही नाई बोलत."

मेघा खुश झाली. "काकू, तू चिडली का मले काम सापडते."

तिनं 'निर्गमन' काढून 'झालं' लिहिलं. 'प्राधान्ये' काढून 'माझ्या मनासारखं'. मी चिडत गेली, ती बदलत गेली. ते सारं तिच्या लोकायले गेलं अन् त्यायनंही ठेवून घेतलं म्हणे. माझ्या रागानं कोणाचं भलं झालं, हे पयल्यांदाच.

बाणाले तं तिनं घरातूनच काढलं. त्याच्या जागी आले चौकोन, मोठे मोठे, चित्रवाले. पाणी. चहा. भूक. दुखते. बाहेर. नाई. अन् एक उजेड. तो उजेड आपल्या आपण एका चौकोनावर येये, थोडा थांबे, मंग पुढच्यावर जाये. पाळीवरून कोणी कंदील घेऊन चालावं तसा. पाहिजे त्या चौकोनावर उजेड आला का एक मोठा खटका दाबायचा, बस. तो खटका मेघानं यायच्या डाव्या हाताखाली ठेवला. दाबला का डबा मेघाच्या आवाजात बोले.

सगळ्यात शेवटच्या चौकोनात माझा फोटो होता. तो दाबला का डबा माझं नाव घेणार होता, "सीता".

पयल्याच दिवशी यायनं पाणी मागतलं. उजेड आला, खटका वाजला. "पाणी," डबा बोलला. मंग भासरे स्वतः उठले, आपल्या हातानं लोटा भरून आणला. हे पिले, अन् लोट्याआड रडले. भासऱ्यायनं तोंड रस्त्याकडं केलं. मी दाराआड होती, मी तं पदरात तोंड घालून रडली. वाटलं, आता माझीही पाळी येईन.

मंग काय इचारता! चहा तं इतका मागतला का मी म्हटलं, या डब्यालेच चुलीत घालते. तुलाराम येऊन काही फालतू बोलला का हे 'नाई'वर टपून बसत. "नाई." उजेड फिरून येये. पुन्हा, "नाई." छपरी हसे, तुलारामही हसे. दुखत असलं का सांगत, बाहेर जायचं असलं का सांगत. माणूस परत आला असं साऱ्यायले वाटून राहिलं होतं.

पण माझ्या चौकोनावर उजेड आला का हे मान खाली घालत. उजेड माझ्या तोंडावर थांबे. हात खटक्यावरच असे. अन् उजेड पुढं निघून जाये, पुन्हा पाण्यावर.

मी दाराआडून पाहत होती. सकाळी पायलं, दुपारी पायलं, दिवस गेले, पंधरवडा गेला. म्हटलं, आज मारतील, उद्या मारतील. पाणी मेघानं आणलं तरी चाललं, भात भासऱ्यायनं भरवला तरी चाललं, चहा कोणीही द्यावा. मी नसली तरी कोणाचं काही अडत नव्हतं. डॉक्टरनं सांगतलं होतं का या दुखण्यात कोणी कोणी माणूस ओळख इसरते, घाबरायचं नाई. मी तेव्हा ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. आता तेच कानात घुमे. पाणी आठवते, चहा आठवते, तुलाराम आठवते. मलेच तेवढं इसरले.

मी भांडे आपटायले लागली. मेघाशी बोलणं टाकलं, तिचा काय गुन्हा होता? यायचं सारं करत होती, पण तोंडाकडं पाहत नव्हती. आंग पुसताना हे माझ्याकडं पाहत, मी भिंतीकडं पाहत होती.

एक सपन मले तेव्हा येऊन येऊन पडे. मी पाळीवर उभी आहे, धुकं आहे, अन् दुरून कंदील येऊन राहिला. कोण आणून राहिलं ते दिसत नाई. कंदील हळूहळू जवळ येते, पार माझ्या तोंडापाशी येते, मी डोळे मिटते. अन् तो काही न बोलता पुढं जाते. पाण्यावर त्याचा उजेड लांब लांब होत जाते, अन् मी ओरडायले पाहते तं माझ्याच तोंडातून हवा. उठली का उशी ओली असे.

मंग तो दिवस आला. मोहाडीचा बाजार होता. भासरे बाजाराले गेलेले, मेघाही त्यायच्यासोबत. छपरीत हे एकटेच, डबा सुरू. मी आत दारामागं सुपात लाखोळीची डाळ निवडत बसली होती. यायले वाटलं, मी सांदवाडीत आहे.

उजेड फिरून राहिला होता. पाणी. चहा. भूक. फिरत फिरत माझ्यावर आला. यायनं मान खाली घातली नाई. आधी भासऱ्याच्या रिकाम्या खाटेकडं पायलं. मंग दाराकडं. मंग रस्त्याकडं, इकडून तिकडं. उजेड गेला, फिरून आला. यायनं हात उचलला. माझ्या हातातली डाळ तशीच राहिली. खटक्यावर बोट आलं, अन् तेवढ्यात रस्त्यावरून तुलाराम सायकलवरून ओरडला, "काय करून राहिले गा?"

यायनं हात असा मागं घेतला का जसा चुलीतल्या निखाऱ्यावर पडला. डाव्या हातानं दुपट्टा डोक्यावर ओढला. अन् कान! यायचे कान लालभडक झाले होते.

मी पाहतच राहिली. अरे बाप्पा! हे लाजून राहिले!

डाळीचं सूप मांडीवरून सांडलं अन् मी अशी हसली, अशी हसली, का यायनं दचकून दाराकडं पायलं. हसता हसता मी कधी रडायले लागली मलेच कळलं नाई. काय येडी बाई मी. उभ्या जलमात मी कधी यायचं नाव घेतलं? आताही घेऊन राहिली का? मंग यायनं माझं कसं घ्यावं? अन् तेही कुठं, मोठ्या भावाच्या खाटेसमोर, रस्त्यावर ऐकू जाईल असं, पुतणीच्या आवाजात! वरून माझा फोटो, पदर बाजूले झालेला, मेघानं कोण्या लग्नात काढलेला. चारचौघात बायकोच्या तोंडावर उजेड पाडायचा अन् खटका दाबायचा. मरतील, पण नाई दाबणार हे. मी भरल्या घरात इतके दिवस रडत बसली, अन् एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नाई. मन दुखलं का माणसाचं डोकं चालत नाई, हेच खरं.

मेघा बाजारातून आली तशी मी तिले थैली खाली ठेवू दिली नाई, सारं सांगतलं. तिनं कपाळावर हात मारला. "काकू, आम्ही साऱ्यायनं माणसाले हाक म्हणजे नाव अन् फोटो, असंच धरलं. इतके जण आहोत, एकाच्याही डोक्यात आलं नाई."

"तुमच्या लोकायच्या बायका नावानंच येत असतील," मी म्हटलं.

"मंग काका तुले काय म्हणत?"

आता पुतणीले हे कसं सांगावं? मी पदराचं टोक पिळत बसली. मंग सांगतलं. तिचे डोळे भरले. मंग डब्यासमोर बसली, कारभाऱ्याले उघडलं, अन् माझा फोटो काढून टाकला, नाव काढून टाकलं. चौकोन रिकामा. म्हणे, चित्र कोणतं टाकू? मी म्हटलं, राहू दे तसाच, ज्याले कळायचं त्याले कळते.

दुसऱ्या दिवशी भासरे आपल्या आपणच म्हणे, "हा डबा अन् याची खाट मागच्या खोलीत न्या. दिवसभर चहा, चहा. मले झोप येत नाई." ते दुपारचे झोपतच नाई, हे घरात साऱ्यायले मालूम आहे. मागच्या खोलीची खिडकी सांदवाडीत उघडते, अन् तिथून पाळ दिसते.

पण हाक कोणाच्या आवाजात भरायची? यायचा आवाज कुठंच धरून ठेवलेला नव्हता. मेघानं आपल्या मोबाइलमध्ये शोधलं, मंडईचे व्हिडिओ पायले, सारे नाचणारे-गाणारे, हे कुठंच नाई. शेवटी म्हणे, "काकू, ती हाक तुलेच येते. तूच मार."

"मी? मीच मले हाक मारू?"

"दुसऱ्या कोणी ऐकली आहे का ती एवढ्या जवळून?"

धुक्याच्या सकाळी आम्ही दोघी पाळीवर गेलो. मेघानं मोबाइल धरला. मी जलमभर खालून 'आली वो' म्हणणारी, आता यायच्या जागेवर उभी राहून वरून हाक मारू! इकडं तिकडं पायलं, कोणी नव्हतं, नुसते बगळे. म्हटलं, "ओऽऽऽ! ओ!" बगळे उडाले. मेघा म्हणे, मस्त.

घरी आणून यायले ऐकवलं. यायनं ऐकलं. मंग उजेडाची वाट पायली अन् दाबलं. "नाई."

दुसऱ्या सकाळी पुन्हा पाळ. पुन्हा आणलं. पुन्हा, "नाई."

"अवो, दुखण्यातून उठले नाई अन् मिजास पहा!" मी म्हटलं. "मी काय दंडारीच्या खेळातली नाची आहे, रोज रोज गायले?" यायनं डावा हात वर उचलला, लांब नेला. मंग थांबला. अन् मंग हात हळूहळू खाली आणून खाटेवर ठेवला, लेकराले निजवल्यासारखा. ओठ गोल करून दाखवले. हवाच आली. पण मले समजलं. मागची 'ओ' मी मोठ्यानं मारत होती. ती तशी नव्हती.

मी तिथंच खाली बसली. इसरलेलं माणूस अशी चूक काढत नाई. यायले माझी हाक श्वासासकट आठवत होती, अन् मी भिंतीकडं तोंड करून यायचं आंग पुसत होती. मी यायचे पाय धरले. यायनं पाय मागं घेतला अन् पुन्हा दाबलं, "नाई." मंग मलेही हसू आलं.

तिसऱ्या सकाळी मी मोठ्यानं मारायचं मनात आणलंच नाई. पाळीवर उभी राहिली अन् खाली आमचं घर पायलं. धुक्यात तेवढा चुलीचा धूर दिसून राहिला होता. म्हटलं, दिवसभर चिखलात उभं राहून पाय आंबले आहेत, भूक लागली आहे, अन् त्या धुराखाली आपलं एक माणूस आहे. लांब हाक दिली. थांबली. मंग ती लहान 'ओ' आपल्या आपण आली, कोणाले ऐकू जावी म्हणून नाईच.

यायले ऐकवलं. यायनं डोळे मिटले. उजेड 'नाई'वर आला. आम्ही दोघी श्वास धरून. उजेड थांबला, अन् यायनं त्याले जाऊ दिलं.

आता त्या रिकाम्या चौकोनाचं पुढं काय झालं ते आधी सांगते, कारण मेघाचे लोक त्याच्यासाठीच ऐकून राहिले असतील. मेघानं तो त्यायले धाडला. लिहिलं का जो कोणी हा कारभारी आपल्या घरी नेईन, त्याले एक चौकोन रिकामा भेटला पाहिजे, नाव नाई, फोटो नाई, ज्यानं त्यानं आपली हाक भरावी. त्यायच्यात लय बोलणं झालं म्हणे, अन् मंग ठेवला. आता तो सगळ्यायच्या डब्यात जाते. लाखांदूरकडं एका म्हाताऱ्यानं त्याच्यात सायकलची घंटी भरली, बायको घंटी ऐकून दार उघडे म्हणून. एका बाईनं लोट्यावर बांगडी वाजवली. बर्फाच्या देशातल्या बाईनं तिच्या बापाची शीळ भरली. मी कधी कधी घाटावर बसली का मले वाटते, हे सारे आवाज पाण्यावरून येऊन राहिले, घंटी, लोटा, शीळ, अन् जिकडं तिकडं कोणी ना कोणी हातातलं काम टाकून उठून राहिलं. मेघा म्हणते, काकू, तू गाळ काढला. काढला असन.

आता माझं. हाक भरली त्या दिवशी यायनं ती दाबली नाई. कशी दाबतील? मेघा बाजूले टपून, मी समोर टपून, तुलाराम खिडकीत. मी साऱ्यायले हाकललं. भांडे उचलले अन् मीही घाटावर गेली. मेघानं डब्याले मोठा स्पीकर लावला होता अन् खिडकी उघडी ठेवली होती.

दिवस बुडायले आला होता. पाण्यावर शेवटचं ऊन पसरलं होतं. घाटावर दोन-चार बाया होत्या, त्यायच्यात शेजारची गोदावरीबाई होती. मी कढई घासत होती, पण ध्यान मागं. काही येईना. अंधारायले लागलं. मी मनातल्या मनात म्हटलं, नाई मारली तरी चालन वो, मले कळलं आता. अन् ते खोटं होतं. मले पाहिजे होती.

"ओऽऽऽ."

घाटावर साऱ्यायचे हात थांबले. पाळीच्या खालून आली, पाण्यावरून गेली.

"ओ."

आवाज माझाच. पण हाक यायची. मले उठता येईना. गोदावरीबाईच्या डोळ्यात पाणी, म्हणे, "जा वो बाई, तुझा ओ आला!"

"थांब," मी म्हटलं. "मी ऐकलीच नाई."

"अवो, येडी का खुळी तू!"

"थांब म्हटलं ना. पुन्हा मारू दे."

मी कढई घासत राहिली. आता उजेड पाण्यावर असन. आता चहावर. आता भुकेवर, भूक लागली असन, दाबतील का? नाई दाबली. दुखते. बाहेर. अन् मले एकदम भेव वाटलं, का मी हे काय केलं, एवढ्या दिवसायनं हाक आली अन् मी मस्करी करत बसली, आता यायनं रागानं जाऊ दिली तं? आता 'नाई'वर असन. आता पुढं सरकला असन. आता रिकाम्या चौकोनावर.

"ओऽऽऽ," आली. अन् जराशी थांबून, खाली, "ओ."

मी कढई पाण्यात टाकली अन् ओरडली, "आली वोऽऽ!"